लावणारे आणि राखणारे

पुण्यकर्मांची जी यादी आपल्या समाजांत पूर्वापार चालत आली आहे, तींत झाड लावणें हें एक असें कर्म आहे कीं, त्याला हरकत घेणारा सहसा कोणी भेटत नाहीं. अन्नछत्रानें आळस वाढतो, धर्मशाळेंत भलतेच लोक ठाण मांडतात, अशा शंका चिकित्सक मंडळींनीं वेळोवेळीं काढल्या आहेत. झाडाच्या बाबतींत मात्र सनातनी आणि सुधारक, सरकारपक्ष आणि विरोधपक्ष, शहरवासी आणि खेडूत या सर्वांचें एकमत. ज्या गोष्टीविषयीं इतकें एकमत असतें तिचा विचार करण्याचें कोणी मनावर घेत नाहीं; आणि विचाराअभावीं चांगल्या गोष्टीचीही काय अवस्था होते हें पाहावयाचें असेल, तर जुलैंत लावलेलें रोप पुढच्या मे महिन्यांत जाऊन पाहावें. प्रस्तुत लेखांत मी जो प्रश्न विचारणार आहें तो प्रथमदर्शनीं विक्षिप्त वाटेल. झाड लावणें हें नेहमीं सत्कर्मच असतें काय?

प्रश्न मोघम राहूं नये म्हणून एक गांव डोळ्यांपुढें धरूं. वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यांत केनवड नांवाचें गांव आहे. नांवाच्या शेवटीं 'वड' ऐकूं येतो. तो वटवृक्षच कीं दुसऱ्याच एखाद्या शब्दाचा झिजलेला तुकडा, याचा निकाल व्युत्पत्तिशास्त्रज्ञांनीं लावावा; कानाला मात्र तो वडच वाटतो. जिल्ह्याचें ठाणें जें वाशीम, त्याचें प्राचीन नांव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ती राजधानी होती, आणि गुल्म म्हणजे झुडपांची जाळी. याच जिल्ह्यांतील कारंज्याचें नांव एका ऋषीवरून पडलें असें सांगतात. पण करंज हें झाडही आहेच. ज्या मुलखांत गांवांच्या नांवांतून अशी झाडांची कुजबुज ऐकूं येते, तो मुलूख आज उन्हाळ्यांत ओळखूं येत नाहीं. खालीं कातळ, वर काळी माती. पूर्वीं तिच्यांत कपाशी डोलत असे, आतां सोयाबीन आणि तूर. पावसाळ्यांत सर्वत्र हिरवें, आणि होळी उलटली कीं क्षितिजापर्यंत उघडें रान.

अशा कोणत्याही गांवांत पहिला पाऊस बरा झाला कीं वृक्षारोपणाचा समारंभ होतो. शाळेच्या आवारांत, स्मशानभूमीच्या कडेला, पांदणीच्या दुतर्फा, आणि ज्याला वऱ्हाडांत अजूनही जुन्या महसुली भाषेंत 'ई क्लास' म्हणतात त्या सरकारी चराऊ जमिनींत खड्डे खणले जातात. मुलें रांगेनें उभीं राहतात, पाहुणे येतात, रोपावर तांब्याभर पाणी पडतें, छायाचित्र निघतें. पुढचे तीन महिने पाऊस आपलें काम करतो आणि त्याचें श्रेय समारंभाला मिळतें. खरी परीक्षा दिवाळीनंतर सुरू होते. काळी माती वाळूं लागली कीं भेगाळते; भेगांतून उरलीसुरली ओल उडून जाते आणि कोंवळीं मुळें तुटतात. पिकें निघाल्यावर गुरेंढोरें आणि शेळ्या मोकळ्या सुटतात. तेव्हांपासून मृग लागेपर्यंत त्या रोपाला कांट्यांचें कुंपण पाहिजे, खोडाभोंवतीं पालापाचोळ्याचें पांघरूण पाहिजे, आणि आठवड्यांतून निदान एकदां पाणी पाहिजे. तें पाणी कोणीतरी वाहून नेलें पाहिजे. हा 'कोणीतरी' कोण?

व्याकरणांत 'कोणीतरी' हें अनिश्चित सर्वनाम आहे. गांवच्या व्यवहारांत त्याला नेमका चेहरा असतो. बहुधा ती एखादी बाई असते, जिच्या घरचें पाणीही डोक्यावरूनच येतें. नाहीं तर शाळेचा शिपाई किंवा ग्रामपंचायतीचा नळ सोडणारा माणूस. ज्यानें रोप लावलें त्यानें या माणसाला विचारलेलें नसतें. म्हणजे लावणारानें पुण्य स्वतःच्या नांवावर मांडलें आणि कर्ज दुसऱ्याच्या. ज्या झाडाला राखणारा ठरलेला नाहीं तें लावणें म्हणजे न विचारतां परक्याच्या डोक्यावर ओझें ठेवणें होय. त्यानें तें उचललें नाहीं तर झाड मरतें. उचललें तर त्याचें नांव कोठें लागत नाहीं, कारण पाटीवर 'यांच्या शुभहस्ते' म्हणून आधींच एक नांव कोरलेलें असतें.

यावर कोणी म्हणेल कीं, निसर्ग तरी कोठें असा हिशेब ठेवतो? एका निंबाखालीं हजारों निंबोळ्या पडतात, त्यांतली एखादीच रुजते. आपणही शंभर रोपें लावावीं; दहा जगलीं तरी लाभच. हा युक्तिवाद ऐकावयास सोयीचा आहे, आणि सरकारी कचेऱ्यांत तो थोड्या निराळ्या शब्दांत पुष्कळदां ऐकूं येतो. पण निसर्ग कोणाला कांहीं कबूल करीत नाहीं. पांखराच्या विष्ठेंतून बांधाच्या कडेला पडलेली निंबोळी जेव्हां रुजते, तेव्हां ती आधीं मूळ खालीं सोडते आणि मग वर डोकें काढते. रोपवाटिकेंतल्या रोपाची गोष्ट अगदीं वेगळी. काळ्या पिशवींत तें रोजचें पाणी पिऊन वाढलेलें असतें. जागा पुरत नाहीं म्हणून त्याचें मूळ पिशवीच्या तळाशीं गोल गोल वळलेलें असतें. जमिनींत खोल जाऊन स्वतःचें पाणी शोधण्याचा प्रसंगच त्याच्यावर कधीं आलेला नसतो. त्याचें हें परावलंबन निसर्गानें दिलेलें नव्हे, आपण दिलेलें आहे. आणि ज्याला आपण परावलंबी केलें त्याला उघड्यावर ठेवून निसर्गाकडे बोट दाखवण्याचा अधिकार आपल्याला उरत नाहीं. हरिणाचें पाडस घरीं दुधावर वाढवून रानांत सोडावें आणि 'रानांत पाडसें मरायचींच' असें म्हणावें, त्यांतलाच हा प्रकार. (जो केवळ बी टोकतो आणि पुढचें पावसावर सोंपवतो त्याच्यावर हा आरोप येत नाहीं. त्यानें कोणाला पिशवींत वाढवलेलें नाहीं.)

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ज्याला फळ चाखावयास मिळणार नाहीं असा म्हातारा आंब्याची कोय पुरतो, आणि आपण त्याची थोरवी गातों. त्यानें तरी पुढच्यांची संमति कोठें घेतली होती? राखणारा ठरल्याखेरीज झाड लावूं नये असा दंडक घातला, तर हा म्हाताराही दोषी ठरेल कीं काय? मला तसें वाटत नाहीं. म्हातारा कोय पुरतो ती आपल्या बांधावर किंवा परसांत. ज्या नातवाला आंबे मिळावयाचे त्यालाच पाणीही घालावयाचें असतें. लाभ आणि भार एकाच वारसाच्या हातीं जातात. सार्वजनिक जागेंतलें झाड बिनवारशी असतें. त्याची सांवली सर्वांची, म्हणून त्याचें पाणी कोणाचेंच नव्हे. सार्वजनिक वृक्षारोपणाची सारी नैतिक अडचण या एका ठिकाणीं अडकलेली आहे.

मराठींत या विषयाचा सर्वांत प्रौढ विचार मला आढळला तो कोणा निसर्गकवीच्या नव्हे, तर एका मुत्सद्द्याच्या लेखनांत. रामचंद्रपंत अमात्यांनीं इ. स. १७१५-१६ च्या सुमारास लिहिलेल्या आज्ञापत्रांत आरमाराचें प्रकरण आहे. गलबतें बांधावयाचीं तर लांकूड पाहिजे. सागवानादि झाडें रानांतून परवानगीनें तोडून आणावीं, असें तेथें सांगितलें आहे. आंबा आणि फणस यांचें लांकूडही आरमाराच्या उपयोगाचें आहे हें अमात्य नाकारीत नाहींत. पण त्यांना हात लावूं देऊं नये, अशी त्यांची स्पष्ट ताकीद आहे. आणि ताकिदीचीं कारणें मनन करण्यासारखीं आहेत. हीं झाडें वर्षां-दोन वर्षांत होत नाहींत. रयतेनें तीं लावून पोटच्या मुलांप्रमाणें दीर्घकाळ वाढवलेलीं असतात, आणि तोडलीं तर तिच्या दुःखाला पारावार राहणार नाहीं. दुसऱ्याला असें दुःख देऊन केलेलें काम करणारासह थोड्याच काळांत लयाला जातें, असें ते बजावतात. एखादें झाड अगदींच जीर्ण होऊन कामांतून गेलें असेल तर धन्याची समजूत घालून, त्याला मोबदला देऊन, त्याच्या संतोषानें तोडावें. जबरदस्ती मुळींच करूं नये.

या उताऱ्याचा अलीकडे भाषणांतून फार उपयोग होतो. परंतु त्यांतलें मर्म बहुधा निसटतें. अमात्य झाडाच्या सौंदर्याविषयीं बोलत नाहींत, सांवलीविषयीं नाहीं, पुण्याविषयीं तर नाहींच. राज्याची गरज खोटी आहे असेंही ते म्हणत नाहींत. त्या काळीं किनारा राखण्यासाठीं आरमार हवेंच होतें. ते एवढेंच म्हणतात कीं, कोणीतरी आपलीं वर्षें या झाडांत घातलीं आहेत, आणि त्या वर्षांवर राज्याचा हक्क पोंचत नाहीं. रानांतला साग त्यांना तोडतां येतो. दारचा फणस येत नाहीं. लांकूड दोन्हींकडे आहे. फरक आहे तो राखलेपणाचा.

आतां आपल्या काळाकडे वळूं. १९५० सालीं केंद्रीय मंत्री कन्हैयालाल मुनशी यांनीं वनमहोत्सवाची प्रथा सुरू केली, आणि तेव्हांपासून जुलै महिना झाडांच्या नांवानें साजरा होऊं लागला. महाराष्ट्र सरकारनें २०१६ सालीं २ कोटि झाडें लावण्याचा संकल्प सोडला. मग २०१७ सालीं ४ कोटि, २०१८ सालीं १३ कोटि आणि २०१९ सालीं ३३ कोटि असा आंकडा चढत गेला. शेवटच्या आंकड्याशीं देवांचा जुना संबंध आहे, हें निवडणाऱ्यांच्या ध्यानांत नसेल असें मानणें कठीण. पुढें सरकार बदललें आणि २०२१ सालीं या लागवडीच्या चौकशीसाठीं आमदारांची समिति नेमण्याचें ठरलें. त्या राजकारणांत मला शिरावयाचें नाहीं. मोहिमेची थट्टाही करावयाची नाहीं. हजारों शाळांतील मुलांनीं त्या निमित्तानें प्रथमच मातींत हात घातला असेल, आणि तें लहानसहान फळ नव्हे. मला खटकतो तो संकल्पाचा आकार. 'किती लावलीं' या प्रश्नाचें उत्तर संध्याकाळपर्यंत देतां येतें. 'किती जगलीं' याला सात-आठ वर्षें लागतात, आणि तेवढ्या काळांत विचारणारेही बदलतात व उत्तर देणारेही. म्हणून जो आंकडा लवकर मिळतो तोच ध्येय होऊन बसतो. विवाहांची संख्या मोजून संसार सुखाचे चालले आहेत असें अनुमान काढणारा शास्त्रज्ञ आपण हास्यास्पद ठरवूं. झाडांच्या बाबतींत तें अनुमान आपण वर्तमानपत्रांत छापतों.

शहरांत हाच प्रश्न उलट बाजूनें येतो. तेथें लावण्याइतकाच तोडण्याचा प्रसंग वारंवार पडतो, म्हणून महाराष्ट्रानें १९७५ सालीं नागरी क्षेत्रांतील झाडांच्या जतनाचा कायदा केला. महानगरपालिका आणि नगरपालिका यांच्या हद्दींत वृक्ष प्राधिकरण असावें, झाडांची गणना व्हावी, परवानगीवांचून झाड तोडूं नये, अशी त्यांत योजना आहे. केनवडसारख्या गांवाला तो लागू नाहीं. वाशीम शहराला आहे. कायदा असूनही काय होऊं शकतें हें मुंबईच्या आरे वसाहतींत दिसलें. मेट्रो रेल्वेच्या गाड्या ठेवण्याच्या तळाविरुद्धचे अर्ज उच्च न्यायालयानें ४ ऑक्टोबर २०१९ रोजीं फेटाळले आणि त्याच रात्रीं करवती चालूं लागल्या. ७ तारखेस सर्वोच्च न्यायालयानें तोड थांबवली, तोंपर्यंत २,१४१ झाडें पडलीं होतीं. मेट्रो हवी कीं नको, हा वाद वेगळा. तिच्यामुळें रस्त्यावरचा धूर कमी होतो हें म्हणणें मला पटतें. पण ज्या रीतीनें रात्रीची वेळ साधली गेली, ती पाहिल्यावर अमात्यांची 'समजूत घालून, संतोषानें' ही अट आठवल्यावांचून राहत नाहीं. तीनशें वर्षांत आपण यंत्रांत पुढें आलों. अनुनयांत मागें गेलों.

मात्र २०२१ सालीं या कायद्यांत जी दुरुस्ती झाली ती विचारवंतांनीं अधिक आस्थेनें वाचावयास हवी होती. पन्नास किंवा त्याहून अधिक वर्षांच्या झाडाला 'प्राचीन वृक्ष' म्हणावें, आणि झाड तोडावेंच लागलें तर त्याच्या वयाच्या वर्षांइतकीं नवीं झाडें लावावीं, असें तत्त्व तिनें आणलें. साठ वर्षांचा वृक्ष पडला तर साठ रोपें. यावर विनोद करणें सोपें आहे. साठ वर्षांचे आजोबा गेले म्हणून घरांत साठ तान्हीं मुलें आणून ठेवलीं तर आजोबांची उणीव भरून निघेल काय? साठ रोपांना मिळून एक ढोली नसते, आणि ढोलीवांचून घुबड राहत नाहीं. काळाचें देणें संख्येनें फेडूं पाहणारा हा हिशेब मुळांतच चुकतो, असें कोणी म्हटलें तर तें खरें आहे.

तरी पण मला या नियमांत एक प्रामाणिकपणा दिसतो. झाडाचें मोल त्याच्या वयांत आहे, म्हणजे कोणाच्या तरी राखण्यांत आहे, हें सरकारी भाषेनें येथें निदान मान्य केलें. शिवाय भरपाईचीं झाडें सात वर्षें सांभाळण्याची जबाबदारीही त्या दुरुस्तीबरोबर आली. साठ रोपें सात-सात वर्षें राखावयाचीं म्हणजे चारशें वीस वर्षांचें राखणें झालें. साठ वर्षांच्या ऋणापेक्षां तें कितीतरी अधिक. कागदावर हा दंड भारी आहे. तो हलका होतो तो अशामुळें कीं, साठ खड्डे एका दिवसांत भरतात आणि दिसतात. चारशें वीस वर्षें कोणाला दिसत नाहींत, आणि जें दिसत नाहीं त्याचा तगादा कोणी लावीत नाहीं.

मग राखणारा आणावा कोठून? पूर्वीं त्याची सोय भीतीनें केली होती. सह्याद्रीच्या देवरायांतून कुऱ्हाड चालवली तर देव कोपतो या समजुतीनें कित्येक शतकें झाडें वांचवलीं. ती भीति आतां परत आणतां येणार नाहीं, आणि माझ्या मतें आणूंही नये. तिच्या जागीं आपण उत्साह आणून ठेवला. भीति बाराही महिने टिकत असे. उत्साह आश्विनापर्यंत टिकतो.

तिसरा मार्ग मजुरीचा आहे, आणि तो सुशिक्षित मनाला किंचित् खटकतो. बिहारमध्यें रोजगार हमीखालीं एक पद्धत निघाली आणि 'बिहार पॅटर्न' या नांवानें ती महाराष्ट्रांतही आली. दोनशें झाडांचा एक गट करावयाचा, तो कांहीं मजूर कुटुंबांच्या हातीं सोंपवावयाचा, आणि पहिलीं कठीण वर्षें त्या कुटुंबांना पाणी, कुंपण, निंदणी यांबद्दल रोजगार द्यावयाचा. ज्या महाराष्ट्रानें १९७२ च्या दुष्काळांत रोजगार हमीची कल्पना प्रथम मोठ्या प्रमाणावर वापरून पाहिली, त्याला ही कल्पना परकी वाटण्याचें कारण नाहीं. खटकतें तें असें : पैसे घेऊन घातलेल्या पाण्यांत प्रेम कोठें राहिलें? लोकांनीं स्वयंस्फूर्तीनें झाडें जगवलीं तरच त्याला सामाजिक कार्य म्हणावें, असा एक समज शहरी मध्यमवर्गांत आहे. तो समज बहुधा त्यांचाच असतो ज्यांना मे महिन्यांत दुपारीं घागर वाहावी लागत नाहीं. दाईला पगार दिला म्हणून मुलाचें संगोपन खोटें ठरत नाहीं. शिक्षकाला वेतन मिळतें म्हणून विद्यादान बाजारी होत नाहीं. उलट, ज्या श्रमाला आपण मोल देत नाहीं तो श्रम आपण श्रम म्हणून ओळखतच नाहीं. पाणी घालणारी बाई 'कोणीतरी' राहते ती याच कारणानें. तिच्या हजेरीपटावर जेव्हां तिचें नांव आणि तिचीं दोनशें झाडें एका ओळींत येतात, तेव्हां सार्वजनिक झाडाला प्रथमच वारस मिळतो. मजुरी वेळेवर मिळावी, ही अट मात्र यांत गृहीत आहे. ती थकली तर झाड आणि माणूस दोघेही एकदमच सुकतात.

शहरांत मजुरीच्या जोडीला फुरसतीचा उपयोग होऊं शकतो. पुण्याजवळ वारजे येथील वनखात्याची टेकडी २०१५ पर्यंत उजाड होती. वनखातें, स्थानिक संस्था आणि नागरिक यांनीं ती हिरवी केली, आणि २०२० च्या पर्यावरणदिनीं केंद्र सरकारनें नगरवनांची योजना जाहीर करतांना ती नमुना म्हणून देशापुढें ठेवली. नमुना घ्यावयाचा तर त्या पांच वर्षांचा घ्यावा. टेकडीवर रोज फिरावयास येणारा माणूस हा राखणीच्या कामीं फार उपयोगी प्राणी आहे. तो झाडाचा मालक नसतो, पण एखादी फांदी मोडलेली त्याला दुसऱ्याच दिवशीं कळते आणि तो भेटेल त्याला जाब विचारीत सुटतो. केनवडच्या पांदणीवर असा फिरस्ता नाहीं. तेथें शेतावर जाणारीं-येणारीं माणसें आहेत, आणि त्यांची दृष्टि याहून तीक्ष्ण असते.

एक प्रश्न उरतो आणि तो पुढें भांडणाचा होणार आहे. मजुरी थोड्या वर्षांत थांबते. तोंपर्यंत निंबाचें किंवा चिंचेचें मूळ खोल गेलेलें असतें, आणि त्याला पाण्यापेक्षां शेळी व कुऱ्हाड यांपासून राखण पाहिजे असते. ती राखण फुकट कां करावी? माझें मत असें कीं, ज्या कुटुंबानें झाड वाढवलें त्यालाच त्या झाडाचें फळ हक्कानें मिळावें. लांकूड गांवाचें, सांवली सर्वांची, चिंचा आणि आंबे राखणाराचे. सार्वजनिक जमिनीवरचें फळ एका घराला कां, असें ग्रामसभेंत विचारलें जाईल. त्याला माझें उत्तर हेंच कीं, तें झाड सार्वजनिक जमिनीवर उभें असलें तरी सार्वजनिक पाण्यावर वाढलेलें नाहीं. आणि शाळेंतून परततांना दगड मारून चार चिंचा पाडणाऱ्या पोरांचा वाटा ठरावांत लिहिण्याची गरज नाहीं. तो त्यांनीं आजवर कोणाला विचारून घेतलेला नाहीं.